पायरीपाशी अडलेला हक्क

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या एका निकालाची महाराष्ट्रात व्हावयास हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. एका दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली केलेला अर्ज, त्यावर डिसेंबर २०१७ मध्ये झालेला पहिला निकाल, त्यातील आदेश कितपत पाळले गेले याची पुढे चाललेली तपासणी आणि अखेर हा दुसरा निकाल, असा हा जवळजवळ दोन दशकांचा प्रवास आहे. मागणी मोठी नव्हती. रस्ते, पदपथ, वाहने आणि सार्वजनिक इमारती यांचा वापर अपंग नागरिकांनाही सुरक्षितपणे करता यावा, एवढेच म्हणणे होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांपैकी पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि किमान मानके सक्तीची करणारे नियम तीन महिन्यांत करावेत असा आदेश केंद्र सरकारला दिला.

वरवर पाहता हा वाद शब्दांचा वाटेल. संसदेने कायद्यात मानके बंधनकारक मानली होती. नियम करताना मात्र ती मार्गदर्शक तत्त्वांच्या पातळीवर आणून ठेवण्यात आली. परंतु ज्यांनी सरकारी कचेरीत चार वर्षे जरी काम केले असेल, त्यांना ‘शक्यतो’ या शब्दाचे सामर्थ्य ठाऊक आहे. ज्या परिपत्रकात हा शब्द येतो, ते वाचले जाते, त्याची पोच दिली जाते, ते नस्तीत लावले जाते आणि तेथेच राहते. पदपथावर उतार असावा, चौकातील सिग्नलने आवाजही द्यावा, कचेरीच्या दारी पायऱ्यांखेरीज दुसरी वाट असावी, या साऱ्या गोष्टी आपल्या देशात वर्षानुवर्षे ‘शक्यतो’च्या राज्यात राहिल्या. न्यायालयाने बोट ठेवले ते नेमके तेथे.

या संदर्भात थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. अपंगांसाठी समान संधीचा पहिला केंद्रीय कायदा १९९५ साली झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. चौकातील लाल दिव्यापाशी अंधांसाठी ध्वनिसंकेत, चाकाच्या खुर्चीसाठी पदपथाच्या कडेला उतार, झेब्रा पट्ट्यांवर आणि रेल्वे फलाटांच्या कडेवर पायाला वा काठीला जाणवेल अशी खूण, या गोष्टी त्या कायद्यात नावानिशी लिहिलेल्या होत्या. तथापि त्या कलमांच्या आरंभीच एक सोयीची पळवाटही ठेवलेली होती. आर्थिक कुवत व विकास यांच्या मर्यादेत राहून हे करावे, असे तेथे म्हटले होते. ही मर्यादा उड्डाणपुलांच्या वेळी कोणाला आठवली नाही. पदपथाचा उतार घालण्याची वेळ आली की मात्र ती हटकून आठवे. याच पहिल्या दशकाच्या अनुभवानंतर भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली आणि त्या कराराला अनुसरून २०१६ चा नवा कायदा आला. पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारांचे अपंगत्व त्याने मानले. मानके न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी द्यावयाची नाही आणि बांधकाम पुरे झाल्याचा दाखलाही द्यावयाचा नाही, असे ४४ वे कलम सांगते. जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे ४५ वे कलम सांगते. नियम प्रसिद्ध झाले ते १५ जून २०१७ रोजी. म्हणजे ही पाच वर्षे जून २०२२ मध्येच संपली आहेत. ती संपल्यावर आपल्या गावची कोणती कचेरी बदलली, हे प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी आठवून पाहावे.

इमारतींचे असे, तर रस्त्यांचे कसे? पदपथ कसा असावा हे सांगणारे शास्त्र आपल्याकडे नाही असे नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शक पुस्तिका १९८८ सालीच तयार केली आणि २०१२ साली ती सुधारून प्रसिद्ध केली. चालण्याची जागा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत पूर्ण मोकळी असावी. पदपथाची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. उताराचे प्रमाण बारास एक असावे, असे ही पुस्तिका सांगते. या आकड्यांमागे साधा विचार आहे. दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाण्यास १.८ मीटर रुंदी लागते. पंधरा सेंटिमीटर उंच कड चढण्यासाठी बारास एक या प्रमाणात १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. शाळेतील सातवीच्या मुलाला करता येईल असे हे गणित आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? पदपथावर वाहने चढू नयेत म्हणून तो उंच केला जातो. उंच झालेल्या पदपथावर वृद्धांना चढता येत नाही, म्हणून ते रस्त्यावरून चालू लागतात. पदपथावर माणसे नाहीत असे पाहून तेथे दुचाकी उभ्या राहतात, दुकानाचा माल मांडला जातो, विजेची डीपी आणि जाहिरातीचा खांबही तेथेच येतो. प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी पदपथ तोडलेला असतो, त्यामुळे शंभर पावलांत चार वेळा उतरावे आणि चार वेळा चढावे लागते. जेथे दुचाकी रोखण्यासाठी लोखंडी वा सिमेंटचे खांब रोवले जातात, तेथे ते इतके जवळ जवळ रोवले जातात की चाकाची खुर्चीही त्यांतून जाऊ शकत नाही. मुंबईत हा प्रकार इतका वाढला की २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नियम मोडणारा दुचाकीस्वार कोठून तरी वाट काढतोच. अडतो तो ज्याच्यासाठी पदपथ आहे तो नागरिक.

अंधांसाठी बसविल्या जाणाऱ्या पिवळ्या उठावाच्या फरश्यांची कथा याहून खेदजनक आहे. या फरश्यांची कल्पना जपानमधील सेइइची मियाके यांची. त्यांनी १९६५ साली ती शोधली आणि १९६७ साली ओकायामा शहरातील एका रस्त्यावर त्या प्रथम बसविण्यात आल्या. त्यांना एक भाषा आहे. लांबट रेघा असलेली फरशी म्हणजे ‘या दिशेने चला’ आणि गोल ठिपके असलेली फरशी म्हणजे ‘थांबा, पुढे धोका वा वळण आहे’. आमच्या शहरांत या फरश्या पुष्कळ ठिकाणी दिसू लागल्या आहेत, पण त्यांची भाषा बसविणाऱ्याला कोणी शिकविलेली नसते. रेघांची पट्टी सरळ झाडाच्या बुंध्यावर किंवा विजेच्या पेटीवर जाऊन आदळते. मध्येच उघडे गटार येते. खोदकामानंतर बुजविताना चार फरश्या आडव्या बसविल्या जातात. ज्याला दिसते त्याला ही केवळ गबाळी कारागिरी वाटेल. ज्याला दिसत नाही त्याला मात्र नगरपालिकेनेच खोटी दिशा सांगितलेली असते.

रस्ता ओलांडण्याचे संकट वेगळेच आहे. मुंबईत २००८ पासून आकाशमार्गिका उभ्या राहू लागल्या, तेव्हा पादचाऱ्यांची सोय झाली असे सांगितले गेले. त्यांपैकी बहुतेकांना पायऱ्या होत्या, उद्वाहन नव्हते. पादचाऱ्याला उचलून वर न्यावे म्हणजे वाहने खालून विनाअडथळा धावतील, हा या योजनेमागचा विचार होता. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत तो कोठून जाणार, हा प्रश्न बहुधा आराखड्याच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. देशात २०२३ साली रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३५ हजारांहून अधिक पादचारी होते. पदपथ हा शोभेचा भाग नाही, हे सांगण्यास याहून वेगळ्या पुराव्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १४ मे २०२५ रोजी एका वेगळ्या प्रकरणात, वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि असे पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत, असे स्पष्ट केले आहे.

यावर नेहमी तीन आक्षेप घेतले जातात. ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. पहिला आक्षेप असा की, अपंगांची संख्या अल्प आहे. त्यांच्यासाठी साऱ्या शहराची रचना बदलणे परवडणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. ही गणना जुन्या सात-आठ प्रकारांवर आधारलेली होती, हे ध्यानात घ्यावे. तरीही रस्त्यावर ही माणसे फारशी दिसत नाहीत हे खरे आहे. पण ती दिसत नाहीत म्हणून उतार नको, हे म्हणणे उलटे आहे. उतार नाही म्हणून ती दिसत नाहीत. घरातून कचेरीपर्यंत जाता येत नाही म्हणून नोकरी नाही, शाळेपर्यंत जाता येत नाही म्हणून शिक्षण अर्धवट, आणि शिक्षण अर्धवट म्हणून नोकरीतील राखीव जागेसाठी पात्र उमेदवार मिळत नाही, असा शेरा पुन्हा नस्तीवर लिहिला जातो. खेरीज अपंगत्व ही काही थोड्यांची कायमची जात नव्हे. म्हातारपणी गुडघे थकलेली आई, पाय प्लास्टरमध्ये असलेला विद्यार्थी, कडेवर मूल घेतलेली स्त्री, बाजाराची हातगाडी ओढणारा हमाल, या सर्वांना पदपथाची तीच कड आडवी येते. पुरेसे आयुष्य लाभलेल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा त्या कडेशी थांबावे लागतेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. बांधून झालेली इमारत फोडून उद्वाहन बसविणे महाग पडते, यात शंका नाही. परंतु पदपथ आपण एकदाच बांधतो कोठे? तोच पदपथ, त्याच जागी, पुन्हा पुन्हा उखडला जातो आणि नव्या पेव्हर ब्लॉकने मढविला जातो. ज्या दिवशी तो नव्याने बसवावयाचा आहे, त्याच दिवशी कडेला उतार दिला तर वेगळा खर्च तो कितीसा? महाग पडते ते चुकीचे बांधून पुन्हा दुरुस्त करणे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका स्वीकारली आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचे पदपथ नव्याने आखले. ते सर्वस्वी निर्दोष आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण याच राज्यातील, याच कायद्यांखालची, याच तऱ्हेच्या ठेकेदारीतून काम करून घेणारी महापालिका रुंद पदपथ बांधू शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले आहे. प्रश्न पैशापेक्षा अग्रक्रमाचा आहे.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जुन्या पेठांतील बोळ अरुंद आहेत, आणि पदपथावर बसणारा फेरीवालाही गरीबच आहे. त्याला हाकलून अपंगाला वाट द्यावयाची काय? दोन दुर्बळांना एकमेकांसमोर उभे करण्याची ही जुनी रीत आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे शहर समित्या नेमून विक्रीच्या जागा आखून द्यावयाच्या आहेत. ते काम महापालिकांनी वेळेवर केले, तर फेरीवाल्याला हक्काची जागा मिळेल आणि चालणाऱ्याला हक्काची वाट. दोन्ही कायदे अर्धवट ठेवावयाचे आणि मग दोघांत भांडण लावून द्यावयाचे, हा न्याय नव्हे. अरुंद बोळांचे म्हणाल, तर जेथे पदपथाला जागाच नाही तेथे वाहनांना आवर घालणे हा उपाय आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याचा लक्ष्मी रस्ता पादचारी दिनानिमित्त वाहनांसाठी बंद ठेवला गेला, तेव्हा व्यापार बुडाला नाही आणि शहरही कोलमडले नाही. एक दिवस जे उत्सव म्हणून जमते, ते काही रस्त्यांवर नित्याचे करता येईल किंवा कसे, याचा विचार व्हावा.

सार्वजनिक जागा सर्वांची आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्यात आले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले होते. प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. अस्पृश्यतेचे पातक आणि पदपथाची कड यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तेथे द्वेष होता, येथे बहुतांशी बेफिकिरी आहे. पण ठराव झाला म्हणजे जागा खुली झाली असे होत नाही, हा महाडचा धडा दोन्हीकडे लागू पडतो. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख आला आहे, तो उगीच नव्हे. नागरिकत्वाची पहिली ओळख रस्त्यावर होते. याच घटनेच्या सातव्या अनुसूचीत अपंगांचा उल्लेख मात्र साहाय्याचा विषय म्हणून झालेला आहे. साहाय्यापासून हक्कापर्यंतचे अंतर कायद्याने २०१६ साली तोडले. प्रशासनाच्या मनाने ते अजून तोडलेले नाही.

त्या मनाची एक खूण शब्दांत दिसते. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले, त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचविले, आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. स्वतंत्र विभाग होणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु नावात दिव्यता आली म्हणून पायरी बुटकी होत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रापाशी लाकडी फळ्यांचा उतार टाकला जातो आणि मतदान संपताच तो उचलला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत दाखल्यासाठी येणाऱ्या नागरिकाला मतदार असतानाचा मान उरत नाही.

मग करावयाचे काय? नवा कायदा मागण्याची गरज नाही. कायद्याच्या पालनाला चार साधी बंधने घातली तरी पुष्कळ होईल. पहिले, पदपथाच्या कोणत्याही कामाचे अखेरचे बिल, त्या रस्त्यावरून एखादी चाकाची खुर्ची वापरणारी आणि एखादी पांढरी काठी वापरणारी व्यक्ती प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय आणि तिचा अभिप्राय नोंदला गेल्याशिवाय मंजूर होऊ नये. दुसरे, शहरभर तुकड्यातुकड्यांनी उतार घालण्याऐवजी प्रत्येक गावाने आधी एक अखंड वाट पुरी करावी. एसटी स्थानक वा रेल्वे स्थानकापासून सरकारी रुग्णालय, न्यायालय आणि तहसील कचेरीपर्यंतची ती वाट असावी. साखळीतील एक कडी तुटली तर उरलेल्या कड्या निरुपयोगी होतात. वाटेचेही तसेच आहे. तिसरे, पाण्याच्या, विजेच्या वा केबलच्या कामासाठी पदपथ खोदणाऱ्याने तो मूळ मानकाप्रमाणे परत बसवून दिल्याशिवाय त्याची अनामत रक्कम परत करू नये. चौथे, मानके न पाळता पुरे झाल्याचा दाखला दिला गेला, तर तो कोणाच्या सहीने दिला गेला याची विचारणा व्हावी. २०१६ च्या कायद्याच्या ८९ व्या कलमात पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढील उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे कलम पुस्तकात झोपून राहिले, तर बाकीची कलमेही झोपतील.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीत अडथळ्यांविना प्रवेश असावा असे म्हटले आहे. ज्या वर्गात चालता न येणारा विद्यार्थी आहे तो वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणण्यास मुख्याध्यापकाची एक सही पुरते. कचेरीतील ज्या टेबलावर निवृत्तिवेतनाचे वा दाखल्याचे काम चालते ते टेबल दाराजवळ आणण्यास अंदाजपत्रक लागत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक मोजपट्टी घेऊन आपल्या प्रभागातील पदपथाची रुंदी, कडेची उंची आणि उताराचे प्रमाण मोजावे व ते आकडे नगरसेवकापुढे ठेवावेत. भावनेच्या निवेदनाला आश्वासन देऊन वाटेला लावता येते. मोजलेल्या आकड्याला उत्तर द्यावे लागते.

न्यायालयाने ‘शक्यतो’ची सोय काढून घेतली आहे. केंद्राचे सक्तीचे नियम हातात पडेपर्यंत थांबण्याचे कारण नगरपालिकांना नाही, कारण मानकांची पुस्तिका त्यांच्या कपाटात केव्हाचीच आहे आणि पाच वर्षांची मुदतही केव्हाच उलटली आहे. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक नगरपालिकेने आणि महापालिकेने आपल्या गावची ती एक अखंड वाट कोणती, ती कोणत्या तारखेपर्यंत पुरी होणार आणि तिची जबाबदारी कोणत्या अभियंत्यावर आहे, हे छापून जाहीर करावे. ज्या गावाला एवढेही लिहिता येणार नाही, त्या गावाने कल्याणाच्या योजनांचे फलक आधी उतरवावेत. निदान पदपथावरची तेवढी जागा तरी मोकळी होईल.